बेझालेल अंकलची सहा पोर्टं

यिगालला कॉम्प्युटरमधलं काहीही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गोंधळ नको. तो तेल अविवला हायटेकमध्ये आहे असं सगळ्या लग्नांत सांगत फिरतो. हायटेक म्हणजे काय, तर फोनवरून प्रिंटरची शाई विकतो. कानाला वायर, समोर यादी, तुमची शाई संपली का, नाही संपली तर कधी संपेल. झालं हायटेक. पण भारतातून आलेल्या आमच्या ज्यू लोकांना तेवढं पुरतं. कानाला वायर दिसली की मुलगा हुशार.

आणि ज्यांना खरंच कळतं ते बेझालेल अंकल कोण? तर शाळेच्या गेटवरचे वॉचमन. त्यांना कोण विचारतो.

बेझालेल झिराडकर. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं टेस्टर होते. एखाद्या शेटजीचा फोन मेला की हजारो तारांमधून नेमकी कुठली तार मेली ते शोधायचं, हे त्यांचं काम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि वहीत लिहायचं. एकोणऐंशी साली इस्रायलला, अश्दोदला आले तेव्हा नोकरी देणाऱ्या ऑफिसातल्या बाईने विचारलं, हिब्रू येतं का. नाही येत. मग बंदरावर दोर ओढ. कंबर गेली तेव्हा शाळेच्या गेटवर बसवलं, पोरांच्या बॅगा तपासायला. अंकल स्वतःच सांगतात, एकोणीस वर्षं तारा तपासल्या, अकरा वर्षं डबे. सांगतात आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या ऑफिसातल्या बाईला एक तार दिली असती हातात, तर तिने त्यावर कपडे वाळत घातले असते.

मी त्याच शाळेत होते. दहावीत एक दिवस सकाळी दहाला दप्तर उचललं आणि गेटवर आले. मधल्या वेळेत कुणाला बाहेर सोडायचं नाही असा नियम. अंकलनी फक्त एवढंच विचारलं, परत येणार का. त्यांनी डब्यातली अर्धी चपाती माझ्या हातात दिली आणि गेट उघडलं. त्यांना त्यावरून बोलणी बसली, ते मला दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं. तेव्हापासून अंकलबद्दल कुणी वाकडं बोललं तर त्याची गाठ माझ्याशी.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूला मिळून अकरा बायका होत्या, कीर्तन करणाऱ्या. अलिबाग, पनवेल, ठाण्याकडच्या. मराठीत योसेफाची गोष्ट, मोशेची गोष्ट, एलियाहू हनाबी ह्या संदेष्ट्याची गाणी. अंकलची बायको जेमायमा आंटी त्यातली, आणि सगळ्यांत पुढे येमिमा मावशी, ती अंकलच्या समोरच्या दारात राहते. यरुशलेमचा एक डॉक्टर आहे, नोआम. औषधाचा नाही, पुस्तकांचा. तो तीन वेळा येऊन ह्या बायकांचा व्हिडिओ काढून गेला. पहिल्यांदा शहाण्णवला, मग नव्व्याण्णवला, मग दोन हजार दोनला. प्रत्येक वेळी मलिदा पोटभर खाल्ला, पोहे नारळ केळी सगळं, आणि जाताना बोलला, कॉपी पाठवतो. अजून पाठवतोच आहे. एका मासिकात ह्यांचा फोटो छापला, त्यात येमिमा मावशीच्या नावाखाली दुसरीच बाई. अकरामधल्या चार गेल्या. येमिमा मावशी शहाऐंशीची, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, गळाही गेला. ती दर शुक्रवारी अंकलना विचारायची, आलं का रे आमचं गाणं? अंकल बोलून बसले, ह्या वर्षी आणतो, मावशी. अंकल सहसा शब्द देत नाहीत. दिला की झोपत नाहीत.

म्हणून दोन हजार चारच्या नोव्हेंबरात अंकलनी यिगालला डॉक्टरला फोन करायला लावला. यिगाल आंटीच्या बहिणीचा मुलगा, इथलाच जन्मलेला. आंटी मराठीत बोलते, हा हिब्रूत उत्तर देतो. डॉक्टरने आधी नेहमीचं सुरू केलं, बघू, विचारतो, परवानगी. मग यिगालने त्याला सांगितलं की आंटीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर एवढं चढवायला नऊ तास लागतील. ते ऐकल्याबरोबर डॉक्टर एकदम उदार झाला. बोलला, अरे मग काय, मी पुढच्या महिन्यात शुक्रवारी अश्दोदला येतोच आहे, डिस्क घेऊन येतो, मी जेवेपर्यंत जेवढं कॉपी होईल तेवढं करा की.

हे यिगालनेच आम्हाला सांगितलं. हसत. त्याला वाटलं हा विनोद आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, त्याच्या आत माणसाला यरुशलेमला पोचायचं असतं, म्हणजे दीडच्या पुढे तो थांबणार नाही. नऊ तासांच्या कामाला दीड तास देऊन हा मोठा दानशूर.

अंकल हसले नाहीत. त्यांनी विचारलं, नऊ तास कशावरून? यिगाल बोलला, कॉम्प्युटर म्हातारा आहे, वायर तेवढीच ओढते. अंकल बोलले, सगळी पोर्टं तेवढीच ओढतात का? यिगालने खांदे उडवले. पोर्ट म्हणजे पोर्ट, सगळी सारखीच दिसतात ना.

माझी आईही जुळ्या पोरांबद्दल असंच बोलते, पण ती निदान त्याचा पगार घेत नाही.

अंकल दुसऱ्या दिवशी बाजारातल्या दुकानात गेले. तिथला गिल हा पोरगा बरा आहे. त्याने सांगितलं की दोनेक वर्षांपासून यूएसबीची नवी जात आलीय, कितीतरी पट वेगवान, पण तोंड तेच. बाहेरून बघून कळत नाही. ह्या कॉम्प्युटरमध्ये कुठली बसवलीत ते देवाला माहीत, कारण तो कुणीतरी उरल्यासुरल्या भागांतून जोडलेला आहे. आणि गिलने आणखी एक विचारलं. जलद यंत्र मंद पोर्टात घातलं की खाली कोपऱ्यात पाटी यायला पाहिजे, की हे याहून जोरात चालू शकतं म्हणून. ती येत नाही? नाही येत. का येत नाही? कारण यिगालने बंद करून टाकली होती. सारखी कटकट करते म्हणून. बिचारी मशीन वर्षभर ओरडून सांगत होती आणि ह्या हायटेकने तिचं तोंड दाबलं.

गिलने एक बाहेरची डिस्क वापरायला दिली. अंकलनी काय केलं बघा. लग्नातल्या व्हिडिओचा एक तुकडा घेतला, शंभर एमबीचा. तीच डिस्क, तीच वायर, तोच तुकडा. बदलायचं फक्त पोर्ट. पोर्टं एकूण सहा. दोन पुढे, दोन मागे वरच्या पट्टीवर, दोन मागे खालच्या पट्टीवर. मी माऊसवर, ते मनगटावरच्या घड्याळावर. पहिलं पोर्ट, एक मिनिट बावन्न सेकंद. दुसरं, एक बावन्न. असं करत चार झाली, सगळी तशीच. पाचव्याला सात सेकंद. अंकल बोलले, तू चुकून रद्द केलंस. मी बोलले, नाही केलं. पुन्हा केलं. सात. पाच वेळा केलं, पाचही वेळा सात. सहाव्यालाही सात. मग अंकल उठले, शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून नुसताच हातात फिरवला आणि परत ठेवला. हा त्यांचा नाच.

आणि मग त्यांनी एक्स्चेंजवाल्याचं काम केलं. खूण केली. आंटीच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये गोल स्टिकर असतात, लाल आणि निळे. लाल मटणाच्या भांड्यांना, निळे दुधाच्या, कारण आमच्यात मांस आणि दूध एकत्र करत नाहीत. अंकलनी चार मंद पोर्टांना लाल लावले, दोन जलदना निळे, वर पेनाने बारीक आकडे घातले. वहीत लिहिलं, लाल एक ते चार, एक बावन्न. निळा एक आणि दोन, सात. कुठलं पोर्ट कुठे आहे ते लिहिलं नाही. मी विचारलं तर बोलले, एक्स्चेंजमध्ये जागा लिहीत नाहीत, टॅगचा नंबर लिहितात. टॅग कोणी काढत नाही. टॅग काढणाऱ्याला मेमो मिळतो.

शुक्रवार उजाडला. डॉक्टर सव्वाबाराला आला, हातात फुलं, काखेत डिस्क. मी पाय टाकते तोवर यिगाल डिस्क घेऊन बेडरूममध्ये. पुढच्याच पोर्टात खुपसली, कॉपी चालू केली, पडद्यावर आलं आठ तास चाळीस मिनिटं. त्याने डॉक्टरला बोलावून दाखवलं, जसं काही स्वतः कमावलंय. डॉक्टर बोलला, वाईट वाटतं हो. तोंडावर तर लग्नघर होतं. दोघं जेवायला बसले. अंकल मला डोळ्यांनी बोलले, थांब, त्यांना बसू दे, मग बदलू.

आंटीने नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती. पांढरीशुभ्र करी. डॉक्टरने चमचा हातात धरून ठेवला आणि विचारलं, हे मांसात दूध आहे का. तीस वर्षं आमच्यावर लिहितो म्हणे. आंटी एकदम पुढे झाली आणि झाकणाकडे बोट दाखवलं. हे बघा, लाल स्टिकर आहे, मटणाचं भांडं आहे, नारळ आहे तो, दूध नाही. डॉक्टरने खात्री करून मान डोलावली.

मी पण झाकण बघितलं. लाल स्टिकरवर अंकलच्या अक्षरात तीन लिहिलं होतं.

भाताच्या टोपावर चार. अंकलना बेडरूममध्ये ओढलं, दोघं टेबलामागे वाकलो. पुढची, मागची, एकाही पोर्टावर स्टिकर नाही. आंटी काय झालं बघायला आत आली तेव्हा अंकलनी हळूच विचारलं. ती बोलली, "अहो, ड्रॉवरमधले संपले होते. माणूस धार्मिक, पांढरी करी बघून घरात बोंब मारेल. मला वाटलं तुमचं झालं त्याचं काम."

"निळे कशाला काढलेस?"

"लाल काढले, मग ते दोनच काय शोभेला ठेवायचे?"

अंकल स्वतःलाच बोलले, जागा लिहायला पाहिजे होती. जोडी लक्षात होती, दोन जलद पोर्टं एकाच पट्टीवर आहेत. पण वरची की खालची? ते बोलले वरची. मला वाटत होतं खालची, पण माझं मला खात्रीने सांगता येईना. नियम म्हणून मी कॉम्प्युटरच्या मागे तोंड घालत नाही, धूळ असते.

चालू कॉपी थांबवल्याशिवाय डिस्क काढायची नाही, नाहीतर आतलं सगळं जायचं. आणि मग मावशीला काय सांगणार. मी रद्द दाबलं. मशीन बोलली, रद्द करत आहे. आणि रद्द करत बसली. दहा मिनिटं. बाहेर यिगाल डॉक्टरला सांगत होता की भारतीय म्हाताऱ्यांना टेक्नॉलॉजी समजावणं म्हणजे किती संयम लागतो. मला उठून जायचं होतं. अंकलनी माझा खांदा दाबला आणि घड्याळ बघत राहिले. शेवटी एकदाची खिडकी बंद झाली. टेबल ओढलं, वरच्या पट्टीत घातली. साडेआठ तास. परत रद्द, परत वाट. एक वाजायला तीन मिनिटं असताना खालच्या पट्टीत घातली.

एकतीस मिनिटं.

अंकलनी डोळे मिटले. मी हिशोब केला, दीडला कसंबसं होतंय. तेवढ्यात बाहेर खुर्ची सरकली. डॉक्टर बोलत होता, आज हायवेवर गर्दी असणार, मी सव्वालाच निघतो, डिस्क काढून द्या.

अंकल जागचे हलले नाहीत. मी दारात गेले. आंटीने माझं तोंड बघितलं आणि तिला सगळं कळलं. आंटीला इंग्रजी वाचता येत नाही, कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाही, पण तोंड वाचायला तिच्यासारखी बाई नाही. तिने हात पुसले आणि डॉक्टरला आपल्या मोडक्या हिब्रूत सांगितलं की एक गाणं आहे, तिच्या आजीचं, आजपर्यंत कुणासमोर म्हटलेलं नाही. पण तुम्हाला घाई असेल तर राहू दे.

हायवे गेला खड्ड्यात. डॉक्टर गाडीकडे धावला, रेकॉर्डर घेऊन वर आला, आंटीसमोर ठेवला, घसा साफ करायला तिला वेळ दिला. आंटीने सुरू केलं. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात ती गोष्ट. तीच चाल, तीच कडवी. शहाण्णवला म्हटलेली, दोन हजार दोनलाही म्हटलेली, ह्याच माणसासमोर. आणि हा डोळे पाणावून मान हलवतोय, की अहाहा, काय अस्सल. नवीन गाणं मिळालं. आंटी मध्ये थांबून अर्थ सांगायची, तो लिहून घ्यायचा. तिने योसेफाला विहिरीतून बाहेर काढायला वीस मिनिटं लावली.

यिगालला कंटाळा आला म्हणून तो आत आला. पडद्यावर होतं, चार मिनिटं बाकी. तो बघतच राहिला. टेबल भिंतीपासून ओढलेलं, वायर मागे, अंकल स्टुलावर. मग त्याच्या तोंडावर ते आलं, आता जाऊन डॉक्टरला सांगतो, बघा मी कसं करून दिलं. मी दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिले.

"एक शब्द बोललास," मी त्याला सांगितलं, "तर रविवारी इन्बालच्या बापाला फोन करून सांगेन तू तेल अविवला काय विकतोस."

इन्बाल म्हणजे त्याची ठरलेली. तिच्या बापाला वाटतं जावई सॅटेलाइट बनवतो. यिगाल हिब्रूत काहीतरी पुटपुटला. मग त्याने अंकलना विचारलं, मराठीत, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, "खालचं पोर्ट वेगळं आहे काय?"

अंकलनी त्याला नीट समजावून सांगितलं. काय गरज होती मला कळत नाही. पण ते असेच आहेत. शंभर एमबी, सात सेकंद, एक बावन्न, ती बंद केलेली पाटी, सगळं, जसा एखादा शिकाऊ समोर बसलाय. शेवटी बोलले, सारखी दिसतात म्हणून सारखी नसतात रे, मोजावं लागतं. यिगालने मान हलवली. त्याच्या डोक्यात गेलं असेल असं मला वाटत नाही.

एक अठ्ठावीसला खिडकी आपोआप बंद झाली. अंकलनी तीन फाइल उघडून बघितल्या, पहिली, मधली, शेवटची. मग डिस्क रीतसर काढली, वायर गुंडाळली, डॉक्टरच्या पिशवीत घातली आणि दोन्ही हातांनी त्याला नेऊन दिली.

डॉक्टरने पिशवी घेतली आणि चेहरा पाडला. बोलला, थोडंसंच झालं असेल ना, काय करणार, पुढच्या वेळी रात्रभर ठेवू.

"जेवढं झालं तेवढं पुरे आहे, डॉक्टर," अंकल बोलले. "सांभाळून जा."

माझी जीभ नुसती वळवळत होती. डॉक्टर जिना उतरला तशी मी अंकलना बोलले, सगळं झालं म्हणून त्याच्या तोंडावर का नाही मारलंत? अंकल बोलले, मारलं असतं तर त्याने सहीला कागद काढला असता, मग वकील, मग आणखी आठ वर्षं. मावशीकडे आठ वर्षं आहेत का? मग स्वतःच समोरच्या दारावर गेले.

येमिमा मावशीला मी हाताला धरून आणलं. कॉम्प्युटरसमोर खुर्ची लावली. तिला पडदा दिसत नाही, म्हणून तिने कान पुढे केला. अंकलनी शहाण्णवचं पहिलं लावलं. अकरा बायकांचा आवाज आला, टाळ्या आल्या, आणि सगळ्यांच्या वर मावशीचा, तेव्हाचा, सुरीसारखा. मावशीचे ओठ हलायला लागले, आवाजाशिवाय. ज्या चार गेल्या त्यांची नावं ती एकेक करून बोटावर घ्यायला लागली, ही श्वास इथे घेते, ही इथे घाई करते. आंटी दाराला टेकून उभी, पदर तोंडाला.

तेवढ्यात दुसऱ्या कडव्यात एक पुरुष बोलला. हिब्रूत, मोठ्याने, थेट माईकमध्ये. ह्या शब्दाचा अर्थ काय, तुमच्या नवऱ्यांना चालतं का, जरा पुन्हा म्हणाल का इथून. बायका थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. चार ओळींनी परत तो. तिसऱ्या गाण्यात परत. अंकलनी नव्व्याण्णवचं आणि दोन हजार दोनचंही थोडं थोडं लावून बघितलं, तिथेही तोच.

मावशीने कान मागे घेतला. "हा मेला कोण मध्ये मध्ये कोकलतोय?"

"डॉक्टर आहे, मावशी," अंकल बोलले.

"ह्याला गाणं ऐकायला पाठवला होता की बाजारात भाजी घ्यायला? काढ त्याला."

शब्बाथचे दिवे लावायला सव्वाचारची वेळ. तोवर सगळं बंद व्हायला पाहिजे, मग उद्या अंधार पडेपर्यंत मशीनला हात नाही. दोन वाजले होते. अंकलनी वही उघडली, चष्मा लावला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. डॉक्टर कुठल्या मिनिटाला तोंड उघडतो आणि कुठल्या सेकंदाला मिटतो, ते लिहायला बसले, म्हणजे नंतर तेवढंच कापता येईल. ह्या वेळी नुसता नंबर नाही, गाणं, कडवं, ओळ, सगळं. मावशी सांगत होती, आता येईल बघ, आता येईल, आणि तो यायचाच. आंटीने आतून दोनदा हाक मारली की आंघोळीला पाणी तापलंय. अंकलनी बोट वर केलं, थांब. चौथं गाणं अर्धं झालं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी वहीत रेघ मारली, मशीन बंद केली आणि मावशीला दारापर्यंत सोडून आले.